माडवलीचा पहिला पदवीधर

जोगेश्वरी (पूर्व)
११ जुलै १९८४

मालन,

तुझं कार्ड येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तर मी रोज उद्यावर टाकलं, हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. पहिल्या आठवड्यात घरात कार्ड नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात होतं, पण मरोळला एकाने मुंगूस पाळलंय असं कळलं म्हणून बघायला गेलो, तर तो माणूस आणि मुंगूस दोघंही गावी गेलेले. तिसऱ्या आठवड्याचं काही सांगता येत नाही. गेला.

मरोळची नोकरी सुटली. म्हणजे मीच सोडली. औद्योगिक वसाहतीत बाटल्यांची बुचं तपासायचं काम होतं. दिवसभर बूच हातात घ्यायचं आणि बरं की वाईट ते सांगायचं. नवव्या दिवशी मला सगळीच बुचं बरी वाटायला लागली, तेव्हा म्हटलं आता निघावं. हे काकांना सांगू नकोस. सांगितलंस तरी काय म्हणा, सहा वर्षं ते माझं नावही घेत नाहीत. दोनदा दहावी नापास झाल्यावर तिसऱ्यांदा परीक्षेला बसायचं सोडून मी सर्कशीच्या तंबूमागे गेलो, एवढाच माझा गुन्हा.

सध्या गुंफांच्या रस्त्यावर रोझारिओचा फोटो स्टुडिओ आहे, तिथे असतो. काम म्हणजे, फोटो काढायला आलेल्यांच्या माना सरळ करणं. झोपायला मागची खोली, जेवायला रोझारिओची बायको ज्युलिया. जेवण झकास.

एक गंमत सांगतो. शोकेसमध्ये लग्नाची जोडपी आहेत, पालथी पडलेली बाळं आहेत, एक पैलवानसुद्धा आहे, पण पदवीधर नव्हता. निकालाचे दिवस, पोरं झगा-टोपी घालून फोटो काढायला येतात, नमुना तर हवा ना. ज्युलियाच्या मावशीचा दुखवट्याचा काळा झगा होता, त्याचा गाऊन शिवला. टोपी पुठ्ठ्याची, गोंडा पडद्याचा. घालायला कोण? मी. हातात गुंडाळी म्हणून रोझारिओने घरपट्टीची पावती दिली. काय दिसतो यार! मलाच मला 'साहेब' म्हणावंसं वाटलं. फोटो शोकेसमध्ये मधोमध लागलाय, पैलवानाच्या शेजारी.

तुझ्या कार्डावर 'पास झाले, बाकी पत्रात' एवढंच. बाकी कुठाय?

जया


विक्रोळी
१६ जुलै १९८४

जया,

बाकी असं आहे. मी पहिली आले. वर्गात नाही, कॉलेजात नाही. विद्यापीठात, वनस्पतिशास्त्रात. प्राचार्यांनी स्वतः पत्र दिलं. विक्रोळीच्या खाडीतल्या तिवरांवर मी जे काम केलं ना, तेच परीक्षकांना आवडलं म्हणे. तीन वर्षं सगळी चाळ म्हणायची, काशीरामची पोरगी चिखलात काय शोधते, कुणाचं मंगळसूत्र पडलंय का?

बाबांना सांगितलं. ते कंपनीच्या कँटीनमधून आलेले, शर्ट काढत होते. म्हणाले, "पयलो नंबर इलो मा? मगे संपला! पयल्याच्या फुडे काय आसता काय?"

मी म्हटलं, पुढे एम.एस्सी. असते. कलिन्याला विद्यापीठातच जागा मिळतेय. फॉर्मवर पालकांची सही लागते, २७ ऑगस्टच्या आत. तर बाबा म्हणाले, "पयली इलेल्या माणसान परत परीक्षेक बसाचा नाय. नंबर खाली जाता."

तू हसशील. मीही हसले असते, पण खरं कारण वेगळंच आहे. मुलुंडचं एक स्थळ आलंय. मुलाचं नाव चंद्रप्रकाश, एस.वाय. बी.कॉम.ला दोनदा अडकलाय. त्याच्या आईला सून मुलापेक्षा कमी शिकलेली हवी. म्हणून बाबांनी पुढे शिकवणार नाही असा त्यांना शब्द दिलाय आणि मी बारावी झालेय असं सांगितलंय. बारावी, जया! आणि माझी गुणपत्रिका विम्याच्या कागदांबरोबर ट्रंकेत कुलपात ठेवलीय. दर वर्षी गावमंडळ गुणवंतांचा सत्कार करतं, त्यातही माझं नाव दिलं नाही. उपाध्यक्ष तेच, मग विचारणार कोण?

सही नाही झाली तर मी मुलुंडला जाऊन चंद्रप्रकाशला बी.कॉम.चा अभ्यास घालत बसणार, हे नक्की. तू मात्र काही उद्योग करू नकोस.

मालन

ता.क. मावशीचा दुखवट्याचा झगा! शी!


माडवली ग्रामविकास मंडळ (मुंबई)
३१ जुलै १९८४

चि. जयवंत यास,

अनेक आशीर्वाद. काल पहिल्या श्रावणी सोमवारी अस्मादिक जोगेश्वरीच्या गुंफेत दर्शनास आले असता परतीच्या वाटेवर एका काचेत तुझे पदवीधर रूप पाहून जागीच थांबले. प्रथम विश्वास बसला नाही. चष्मा पुसून पुन्हा पाहिले. तूच. दुकानदारास विचारले असता "आमच्याकडे खोटा माल नाय" असे त्यांनी छातीठोकपणे सांगितले.

तू कुणास न कळवता बाहेरून परीक्षा देऊन आपल्या गावचा पहिला पदवीधर झालास, हा विनय मंडळास भूषणावह आहे. रविवार दि. १९ ऑगस्ट रोजी सायं. ५ वाजता विक्रोळी येथील शाळेच्या हॉलमध्ये तुझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्याचे कार्यकारिणीने एकमताने ठरविले आहे. प्रस्ताव तुझे काका श्री. काशीराम यांनीच मांडला व मांडताना त्यांचा कंठ दाटून आला.

नियम तुला ठाऊक आहेच. गुणपत्रिका बंद पाकिटात आणावी. पाकीट मंचावरच फोडले जाईल व गुण जाहीर वाचले जातील. मागे एका मामाने भाच्याचे गुण वाढवून वाचल्यापासून ही खबरदारी आहे. प्रथेप्रमाणे आधी गुण, नाव शेवटी.

पोशाख फोटोतलाच असावा.

आपला,
गुणाजी, चिटणीस


जोगेश्वरी
३ ऑगस्ट

माले, वाट लागली!

गुणाजीमामांचं पत्र सोबत पाठवतोय, आधी ते वाच. वाचलंस? आता मी काय करू?

रोझारिओला जाब विचारला. तो म्हणतो, "अरे बाबा, त्याने विचारलं फोटो असली हाय काय. फोटो असलीच हाय. कॅमेरा माझा, लायटिंग माझी." त्याला फोटो काढून टाक म्हटलं तर ऐकत नाही, कारण त्या फोटोपासून पाच पदवीधर आले आणि एक नापाससुद्धा आला, त्याला तसाच हवा होता.

पळून जाणार होतो. गोराईला एक जण शिडाची होडी बांधतोय, त्याला मदतीला माणूस हवाय. निघालोही होतो, पण बोरिवलीला जादूगाराचा खेळ चालू होता, तो बघता बघता गोराईची शेवटची होडी चुकली आणि परत आलो.

एक सांगू? रागावू नकोस. 'मांडताना कंठ दाटून आला' हे वाक्य मी सहा वेळा वाचलं. काका मला घेऊन गावाहून आले तेव्हा मी चार वर्षांचा. आईबाप गेल्यानंतर त्यांनीच वाढवलं. माझ्यामुळे त्यांचा कंठ दाटला तो फक्त रागाने. म्हणून वाटलं, एक संध्याकाळ काय बिघडतंय? मग वाटलं, गुणपत्रिका कुठून आणू? दहावीची आहे, तीत गणितात नऊ आहेत.

जया


विक्रोळी
६ ऑगस्ट

जया,

काय बिघडतंय ते सांगते.

बाबांनी पेढे वाटले. सगळ्या चाळीला, वरच्या मजल्यावरच्या त्या भांडखोर वहिनींनासुद्धा. मी पहिली आले तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली होती, तीही मुंग्यांनी खाल्ली. बाबा आता रस्त्यात ओळखीचा दिसला की थांबवतात. "आमच्या घराण्यातलो पयलो ग्रॅज्युएट! बाहेरसून परीक्षा दिली हां, कोणाक पत्तो नाय." मी मागे भाजीची पिशवी घेऊन उभी. पहिली ग्रॅज्युएट मी आहे, आणि वांगी मीच धरलीत!

सत्काराला मुलुंडच्या मंडळींनाही आमंत्रण आहे. पुतण्याची हुशारी बघून घराणं कसं आहे ते त्यांना कळावं म्हणून. त्याच दिवशी सुपारी फोडायची चर्चा होणार आहे. म्हणजे तुझी शाल माझ्या गळ्यात पडणार.

तू खरं सांग, नाहीतर येऊ नकोस. दोन्हीपैकी काही जमत नसेल तर मला पुन्हा पत्र लिहू नकोस.

मालन


जोगेश्वरी
९ ऑगस्ट

मालन,

तुझं पत्र दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो. वांग्यांपाशी येऊन दोन्ही वेळा थांबलो.

नुसतं खरं सांगून काय होईल? काका मला छत्रीने मारतील, मुलुंडवाले चहा पिऊन सुपारी फोडतील. तू बारावीच राहशील.

आता नीट वाच. गुणाजीमामांना गुणपत्रिका हवीय. बंद पाकिटात. माझ्याकडे नाही, तुझ्याकडे आहे. मामा कसे वाचतात आठवतं ना? नावावर अंगठा दाबून धरतात, एकेक विषय लॉटरीच्या नंबरासारखा पुकारतात आणि टाळ्या पुरेशा झाल्या की मगच अंगठा काढतात. आठ वर्षं मागच्या बाकावर बसून बघितलंय मी. माझा सत्कार व्हायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे लक्ष देऊन बघता आलं.

तू फक्त कागद पाठव. प्राचार्यांचं पत्रही पाठव. बाकी माझ्यावर सोड. मला माहीत आहे, हे वाक्य मी याआधीही बोललोय, आणि त्या वेळी बकरी हरवली होती. पण कागदाला पाय नसतात.

जया


विक्रोळी
१३ ऑगस्ट

जया,

रजिस्टरने पाठवतेय. ट्रंकेची किल्ली बाबांच्या जानव्याला नसते एवढंच, बाकी कायम त्यांच्याजवळ. आईने ते अंघोळीला गेल्यावर काढली. तिला वाचता येत नाही, तरी विम्याच्या दहा कागदांतून नेमका हाच उचलला. मी म्हटलं, कसा ओळखलास? तर म्हणाली, कोपऱ्यावर हळद-कुंकू मी लावलंय ना. खरंच, बघ, पिवळा डाग आहे.

कागद हरवलास तर मी तुझा चेहरा बघणार नाही. होडी, जादूगार, मुंगूस, काहीही आडवं आलं तरी थांबायचं नाही. शपथ घे. मला भीती वाटतेय रे. बाबांचं सगळ्यांदेखत हसं झालं तर?

मालन


जोगेश्वरी
२१ ऑगस्ट

मालन,

तू बायकांच्या बाजूला खांबामागे होतीस, तुला सगळं दिसलं असेल. पण मंचावरून कसं दिसतं ते सांगतो, कारण मी पुन्हा कधी मंचावर जाईन असं वाटत नाही.

गाऊनमध्ये भयंकर उकडत होतं, दुखवट्याचाच कपडा तो. काका पहिल्या रांगेत, बाजूला मुलुंडवाले, मधे तो चंद्रप्रकाश. मामांनी पाकीट फोडलं, अंगठा दाबला. "बॉटनी, पेपर पहिला! शंभरात एक्क्याऐंशी!" टाळ्या. "पेपर दुसरा! चौऱ्याऐंशी!" काका चंद्रप्रकाशच्या आईकडे वळून मोठ्याने म्हणाले ते मला तिथवर ऐकू आलं: "बॉटनी म्हणजे झाडापेडांचा ज्ञान! तरीच ल्हानपणापासून ह्यो झाडारच असायचो!"

मग प्राचार्यांचं पत्र. 'विद्यापीठात सर्वप्रथम' म्हटल्यावर मामांचा आवाज फुटला. अख्खा हॉल उभा राहिला. काका धोतराच्या टोकाने डोळे पुसत होते. त्या क्षणी, खरं सांगतो, मला वाटलं मामांनी अंगठा काढूच नये. माझ्यासाठी नव्हे गं. काकांना तुझ्या मार्कांवर रडताना बघत होतो मी. ते रडत होते आणि त्यांना माहीत नव्हतं कुणासाठी.

अंगठा निघाला. मामांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे असं बघितलं जणू मी सोंड असलेला आहे. म्हणाले, "मालन... काशीराम..."

मी गाऊन काढला, टोपी काढली, दोन्ही खुर्चीवर ठेवली. मोठं भाषण पाठ केलं होतं. तोंडातून एवढंच आलं: "हा झगा तिच्या मापाचा नाही, पण मार्क तिचेच आहेत." तेवढ्यात काका छत्री घेऊन उठले आणि मी चहाच्या बाजूच्या दारातून बाहेर. पवईपर्यंत पळत होतो. मागे कुणी नाही हे साकीनाक्याला लक्षात आलं.

पुढे काय झालं? लवकर लिही. जेवण जात नाहीये, आणि ज्युलियाने आज बोंबील केलेत.

जया


विक्रोळी
२३ ऑगस्ट

जया,

तुझ्यामागे कुणी पळालंच नाही. बाबा छत्री घेऊन उठले ते मारायला नव्हे. त्यांना काहीतरी हातात धरायला हवं होतं. उठले आणि तसेच उभे राहिले.

पहिली टाळी कुणी वाजवली सांगू? चंद्रप्रकाशने. त्याच्या आईने त्याचा हात दाबला तरी वाजवतच राहिला. मग सगळा हॉल. गुणाजीमामांनी मला वर बोलावलं, झगा माझ्या अंगात घातला, मी त्याच्या घोळात पाय अडकून मामांच्या अंगावर पडले, नारळ घरंगळत पहिल्या रांगेत गेला. तो बाबांनी उचलला. मला आणून दिला.

मुलुंडच्या बाई जाताना म्हणाल्या, "बारावी म्हणाला होतात." बाबा म्हणाले, "मी दिलेलो शब्द मी मोडूचंय नाय. तुम्ही काय ता कळवा." त्यांनी अजून काही कळवलेलं नाही.

दोन दिवस घरात फक्त रेडिओ बोलत होता. काल बाबांनी फॉर्म मागितला. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मागची कोरी बाजूसुद्धा वाचली. म्हणाले, "मी सही करूचंय नाय. शब्द दिलेलो आसा." मग फॉर्म फळीवर ठेवला, वर नारळ ठेवला आणि म्हणाले, "शुक्रवारच्या एष्टीन मी गावाक जातंय, गणपतीच्या साफसफाईक. माझ्यामागे हय कोण काय करता, ता माका थयसून दिसाचा नाय."

संपलं. नाही म्हणाले. आणि सोमवारी शेवटची तारीख.

आता आईचं ऐक. फॉर्मवर आईची सहीसुद्धा चालते. मी कलिन्याला जाऊन विचारून आले, खिडकीतले गृहस्थ फार चांगले, म्हणाले अंगठाही चालेल. मी पळत घरी आले, शाईची डबी आईपुढे ठेवली. आईने हात पदराखाली घेतला. म्हणाली, "अंगठो नको." का, तर सांगत नाही. दोनदा विचारलं, भांडी घासायला निघून गेली. तीही बाबांच्याच बाजूची, जया. ट्रंकेतून कागद काढताना वाटलं होतं माझ्या बाजूची आहे.

तुझ्यावर राग नाही. तू चांगलं केलंस. पण उपयोग झाला नाही.

मालन


जोगेश्वरी
२५ ऑगस्ट, शनिवार दुपार

मालन,

विद्यापीठात पहिली आलीस आणि काकांचं साधं बोलणं तुला वाचता येत नाही? अगं वेडे, 'थयसून दिसाचा नाय', तिथून दिसणार नाही, म्हणजे करा! शब्दही मोडायचा नाही आणि तुझी वाटही अडवायची नाही, म्हणून तो माणूस सणाच्या आधी पाच दिवस एष्टीत बसून गेला. मी लहान असताना ते अशीच पाठ करून उभे राहायचे आणि मी फळीवरचा लाडू घ्यायचो. लाडू मोजलेले असायचे, तरी कधी बोलले नाहीत.

आता उरली काकी. तिचं मला कळत नाही. काकीने तुझ्यासाठी ट्रंक उघडली, मग अंगठ्याला काय झालं? मी उद्या सकाळीच येतो आणि समजावतो. शपथ, कुठेही न थांबता येतो. मरोळचा मुंगूस परत आलाय म्हणतात, पण तो सोमवारनंतर

थांब. दारात कुणीतरी छत्री झटकतंय. रोझारिओ, गिऱ्हाईक बघ रे.

मालन, काकी आलीय!

एकटी. जन्मात गिरगावच्या मावशीपलीकडे एकटी न गेलेली बाई, दोन बस बदलून, माझ्या जुन्या पाकिटावरचा पत्ता कंडक्टरांना दाखवत. तुला गणपतीच्या बाजाराला जाते म्हणून सांगून निघाली म्हणे. ज्युलियाने पाणी दिलं, ते उभ्यानेच प्यायली. पिशवीतून तुझा फॉर्म काढला. मग नवी कोरी पाटी काढली, पेन्सिलीच्या डबीसकट.

म्हणते, "जया, माका सही शिकव. चेडू विद्यापीठात पयला इला नि आवशीन अंगठो लावूचो? सोमारपर्यंत जमतला मा?" पोरगी पहिली आणि आईने अंगठा लावायचा, हे तिला पटेना.

मी म्हटलं, काकी, मालनकडे का नाही शिकलीस, मी तर दोनदा दहावी नापास. तर म्हणते, मालन चुका काढेल, तुला त्या कळणारच नाहीत, म्हणून तुझ्याकडे आले.

तिच्या नावातला पहिला 'रु' तीनदा काढून झाला. तिसरा बराच उभा राहिलाय. आता म्हणते पाटी पुरे, कागदावर बघूया. म्हणून हे इथेच थांबवतो, पेन काकीला हवंय.